मराठी मजकूर प्रेसवर गेला की फुटतोय? प्लेट काढायच्या आधी फाईलमध्ये काय काय बघायचं

दर सीझनला तेच होतंय म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. डिझायनरच्या मशीनवर लग्नपत्रिका झकास दिसत असते, पार्टीनं (म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकानं) मोबाईलवर बघून ओके दिलेलं असतं, आणि प्रेसवर फाईल उघडली की "श्री जोतिबा प्रसन्न"च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, प्रश्नचिन्हं असलं काहीतरी येतं. हे तरी बरं, लगेच दिसतं. खरं नुकसान तेव्हा होतं जेव्हा सगळं बरोबर वाटतंय पण एका नावातली वेलांटी घसरलीय, ती कुणाच्याच नजरेत येत नाही, प्लेट (ज्या पत्र्यावरनं छपाई होते तो) निघते, कागद छापून होतो आणि मग मुलाकडच्यांना दिसतं.

मी प्रेसवर प्लेटच्या आधीच्या कामाला असतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतनं, इचलकरंजीतनं, गडहिंग्लज, जयसिंगपूरकडनं फाईली येतात, माणसं वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं, पण अडकायच्या जागा त्याच त्याच. आणि सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: प्रेसवर जो फाईल उघडतो त्याला तुमच्या स्क्रीनवर काय दिसत होतं हे माहीतच नसतं. त्याच्याकडं तुमचा फॉन्ट नाही, तुमचं व्हर्जन नाही, तुमच्या मशीनवरचा तो फोटोचा फोल्डर नाही. जे काय पाहिजे ते फाईलच्या पोटात असलं पाहिजे.

सुरुवात फॉन्टपासनं करू, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथंच जातो. आपल्याकडं अजून बरंच काम श्रीलिपी नाहीतर आकृती या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात होतं आणि त्यात वाईट काही नाही, लोकांचा हात बसलाय, अक्षरांचं वळण चांगलं आहे. पण हे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नाहीत. फाईलमध्ये खरं तर इंग्रजीचीच अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवत असतो. तो फॉन्ट समोरच्याकडं नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. दुसऱ्या कंपनीचा मराठी फॉन्ट लावून बघायचा उपयोग नाही, कारण प्रत्येकानं आपापली अक्षरं वेगवेगळ्या जागी बसवलेली आहेत, त्यामुळं वाचता येईल असं काहीतरी दिसतं पण निम्मी जोडाक्षरं चुकलेली असतात, आणि हे जास्त धोक्याचं.

कोरलड्रॉमध्ये काम करत असाल तर पाठवायच्या कॉपीत सगळा मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका, कंट्रोल क्यू. आधी सेव्ह ॲज करून वेगळी फाईल करा, कारण एकदा कर्व्ह झालं की तो मजकूर परत टाईप करता येत नाही आणि पत्रिकेत शेवटच्या क्षणी एखादं नाव वाढणारच असतं. सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू मारलं म्हणजे झालं असं समजू नका. पॉवरक्लिपच्या (एखाद्या आकारात बसवून ठेवायच्या चौकटीच्या) आत ठेवलेला मजकूर आणि लॉक केलेला मजकूर तसाच राहतो. म्हणून शेवटी डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडून बघा, तिथं एखाद्या फॉन्टचं नाव अजून दिसत असेल तर कुठंतरी मजकूर शिल्लक आहे, तो शोधून काढा.

जुन्या फॉन्टात आणखी एक गंमत न वाटणारी गोष्ट होते, आणि बऱ्याच जणांना ती वर्षानुवर्षं कळत नाही. मजकूर बरोबर टाईप केलेला असतो पण वाक्याच्या सुरुवातीचं एखादं अक्षर आपोआप बदलतं, नाहीतर मध्येच एखादं चिन्ह भलतंच येतं. हे कोरलच्या क्विक करेक्टमुळं होतं. त्याला वाटतं हे इंग्रजी आहे, म्हणून तो वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो, साधं अवतरण वळणदार करतो, आणि जुन्या फॉन्टात कॅपिटलच्या जागी वेगळंच मराठी अक्षर बसलेलं असतं. वर्डमध्येही तेच. ऑप्शनमध्ये जाऊन हे सगळं बंद करून टाका, मराठी कामाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता युनिकोड. पार्टी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवते तो युनिकोडच असतो, तो उचलून फोटोशॉप, इलस्ट्रेटर किंवा इनडिझाईनमध्ये टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते, "कोल्हापूर"मधल्या ल चा पाय मोडलेला दिसतो, "सर्व"मधला रफार वर चढतच नाही. इथं फॉन्टची चूक नसते बहुतेक वेळा, सेटिंगची असते. इनडिझाईनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोजर (वेलांट्या, जोडाक्षरं नीट जुळवणारी सेटिंग) निवडायचा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाईपमध्ये इंडिक ऑप्शन चालू करायचे, मग पॅराग्राफ पॅनलमध्ये तोच कंपोजर दिसायला लागतो. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनला प्रेफरन्सेसमध्ये टाईपचं टेक्स्ट इंजिन बदलावं लागतं, आणि बदलल्यावर नवीन फाईल घेऊन टाईप करा, आधीच्या फाईलमध्ये कधीकधी जुनंच राहतं. कोरलला म्हणाल तर एक्स ६ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये युनिकोड मराठीच्या नादाला लागू नका, त्याला जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. आणि नवीन कोरलमधली फाईल जुन्या कोरलवाल्या प्रेसला देताना खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या, नाहीतर ती उघडणारच नाही.

युनिकोडमधून जुन्या फॉन्टात किंवा उलट कन्व्हर्टर वापरून मजकूर नेत असाल तर एक शब्द आवर्जून शोधा: शेतकऱ्यांना. साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालात हा शब्द पानोपानी असतो आणि कन्व्हर्टर त्याचा सर्रास "शेतकर्यांना" करून टाकतो. व्यापाऱ्यांनी, अधिकाऱ्यांनी, पुढाऱ्यांनी, कुऱ्हाड, वऱ्हाडी, सगळीकडं तेच, आणि पत्रिकेत वऱ्हाडी मंडळी असतातच. सहकारी संस्थांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळं सगळे अहवाल एकदमच ऑगस्ट-सप्टेंबरात प्रेसवर येतात, त्यात गणपतीचं काम, अशा गर्दीत शंभर पानांतला एकेक रफार कोण बघत बसणार. डिझायनरनंच फाइंड मारून बघावं, दहा मिनिटांचं काम आहे.

कर्व्ह केल्यावर मराठीत एक अडचण येते जी इंग्रजीवाल्यांना कधी येत नाही. आपली शिरोरेघ प्रत्येक अक्षराची वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडीशी चढलेली असते. कर्व्ह केलेली अक्षरं कंबाईन केली (एकाच आकारात जोडली) की जिथं रेघा एकमेकीवर चढल्यात तिथं बारीक पांढरी भोकं पडतात. आणि अक्षरांना आउटलाईन दिली असेल तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते, मोठ्या मथळ्यात फारच घाण दिसतं. उपाय सोपा आहे, कर्व्ह केल्यावर तो शब्द वेल्ड करा (चढलेले आकार वितळवून एक करणारी कमांड), मग आउटलाईन द्या. वेल्ड कधीकधी आतल्या पोकळ्या बुजवतं, ब आणि ष चं पोट एकदा झूम करून बघून घ्या. मराठी अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

पीडीएफ देत असाल (आणि द्यावीच, उघडी फाईल फक्त दुरुस्तीसाठी सोबत ठेवावी) तर सगळ्यात स्वस्त तपासणी सांगतो. ती पीडीएफ स्वतःच्याच मोबाईलवर पाठवा आणि उघडा. मोबाईलमध्ये श्रीलिपी नाही, आकृती नाही, तुमचा कुठलाच फॉन्ट नाही. तिथं मराठी बरोबर दिसलं म्हणजे फॉन्ट पीडीएफच्या आत गेलाय किंवा मजकूर कर्व्ह झालाय. तिथं फुटला तर प्रेसवरही फुटणार. कॉम्प्युटरवर ॲक्रोबॅट रीडर असेल तर प्रॉपर्टीजमधल्या फॉन्टच्या यादीत प्रत्येक नावासमोर एम्बेडेड (म्हणजे आत भरलेला) लिहिलंय का तेही दिसतं. आणि पीडीएफसोबत तुमच्या स्क्रीनवरून काढलेला एक जेपीजी पाठवा, छापायला नाही, नुसता बघायला. आमच्याकडं पीडीएफ उघडली की शेजारी तो जेपीजी ठेवून ताडून बघता येतं, नाहीतर एखादी गोष्ट मुद्दाम तशी ठेवलीय की बिघडलीय हे आम्ही कशावरून ओळखायचं?

पुढची नेहमीची तक्रार, "काळी अक्षरं धूसर आलीत, कडेला लाल-निळी छटा दिसतेय." आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) काम केलेलं असतं, नाहीतर वर्डमधून किंवा ऑनलाईन डिझाईनच्या ॲपमधून पीडीएफ काढलेली असते, आणि त्यातला काळा रंग सीएमवायकेत (सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या छपाईच्या शाईंत) जाताना चारही शाईंत विभागला जातो. फोटोशॉप त्याच्या नेहमीच्या सेटिंगला शुद्ध काळ्याचं सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९० असं करतं. म्हणजे बारीक अक्षर चार प्लेटवरून चार वेळा छापलं जातं, एक प्लेट केसभर जरी सरकली तरी कडेला रंग दिसणार. पावसाळ्यात तर हे जास्त होतं, हवेतल्या ओलीनं कागद फुगतो आणि रजिस्टर (चारही रंग नेमके एकमेकांवर बसणं) धरून ठेवणं मशीनवाल्याला अवघड जातं. बारीक मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत ठेवा, ब्लॅक १०० आणि बाकी तिन्ही शून्य. ॲक्रोबॅट प्रो असेल तर आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळी प्लेट बंद करून बघा, मजकूर पूर्ण गायब झाला पाहिजे. मागं सावलीसारखा राहिला तर तो चार रंगांत आहे.

याच्या उलट, पूर्ण पानाचं काळं बॅकग्राउंड नुसत्या ब्लॅक १०० मध्ये ठेवलं तर राखाडी दिसतं. तिथं सायन ४०, मॅजेंटा ३०, यलो ३० अशी थोडी जोड द्या. पण रजिस्ट्रेशन नावाचा जो रंग असतो तो चुकूनही भरू नका, तो चारही शाया १०० टक्के म्हणजे एकूण ४०० देतो. आर्ट पेपरवर ३०० च्या आसपास थांबलेलं बरं. त्याच्या वर गेलं की शाई वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते, आणि जुलै-ऑगस्टात अशी थप्पी हलवायलासुद्धा भीती वाटते.

पांढऱ्या अक्षरांबद्दल एक. स्क्रीनवर दिसतात, मोबाईलवर दिसतात, छापल्यावर गायब. त्या अक्षरांना ओव्हरप्रिंट (मागच्या रंगात जागा न सोडता त्यावरच छापायची सेटिंग) लागलेलं असतं. बहुतेक वेळा अक्षरं आधी काळी होती, तेव्हा ओव्हरप्रिंट दिलेलं आणि नंतर नुसता रंग पांढरा केलेला. पांढरी शाई नसतेच नेहमीच्या चार रंगांच्या ऑफसेटला, मागच्या रंगात जागा सोडली तरच कागद पांढरा दिसतो. हे मोबाईलच्या तपासणीत सापडत नाही, ॲक्रोबॅटमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करूनच बघावं लागतं.

रंगाबद्दल भांडणं जास्त होतात. भगवा. स्क्रीनवर जो पेटलेला भगवा दिसतो तो प्रकाशाचा आहे, शाईत तेवढा तेज येतच नाही, चार रंगांत मॅजेंटा ६० ते ७० आणि यलो १०० असा काहीतरी ठेवावा लागतो आणि त्यात सायनचा थेंबही नको, लगेच मळका होतो. निळ्याचं उलटं आहे, आंबेडकर जयंतीच्या कामात निळा जांभळा होऊन येतो कारण सायन आणि मॅजेंटा दोन्ही जवळजवळ सारखे ठेवलेले असतात. मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्के तरी कमी ठेवा. गुलालाच्या रंगाला मात्र फारसा त्रास नाही, मॅजेंटा १०० मध्ये थोडा पिवळा घातला की जमतं. पार्टीला रंग दाखवायचा असेल तर मोबाईलवर दाखवू नका, आधी छापलेलं एखादं काम हातात द्या आणि यातला असा येईल म्हणून सांगा, पुढचे वाद तिथंच मिटतात.

ब्लीड सगळ्यांना माहीत आहे तरी सुटतं. चारी बाजूंनी ३ मिलीमीटर बॅकग्राउंड कटिंगच्या रेघेबाहेर काढायचं, म्हणजे ९० बाय ५४ चं व्हिजिटिंग कार्ड असेल तर फाईल ९६ बाय ६० ची. आणि मजकूर कटिंगच्या रेघेपासून आत निदान ३-४ मिलीमीटर. पण आपल्या पत्रिकांचा खरा प्रश्न बॉर्डरचा आहे. प्रत्येकाला कडेनं नक्षी पाहिजे असते आणि ती अगदी काठाला चिकटून ठेवतात. कटिंग मशीनखाली गठ्ठा जातो, एकेक कागद नाही, त्यात अर्धा-एक मिलीमीटर इकडंतिकडं होतंच, कितीही चांगला कटर असला तरी. बॉर्डर काठापासून २ मिलीमीटरवर असेल तर एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ३ दिसतं, आणि डोळ्याला लगेच खुपतं. बॉर्डर ठेवायचीच तर ६-७ मिलीमीटर आत घ्या, नाहीतर सरळ ब्लीडमध्ये बाहेर जाऊ द्या.

फोटो. व्हॉट्सॲपवर एचडी न निवडता नुसता फोटो म्हणून आलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा उरतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो साडेतेरा सेंटीमीटरपर्यंतच चालतो, ए४ कव्हरला पुरत नाही. पार्टीला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तेव्हा मूळ फोटो जसाच्या तसा येतो. हल्ली एआयनं बनवलेली देवाची, नवरा-नवरीची चित्रं येतात, ती पुष्कळदा १०२४ पिक्सेलचीच असतात, म्हणजे पावणेनऊ सेंटीमीटर. फोटोशॉपमध्ये डीपीआयचा आकडा ७२ चा ३०० केला म्हणून त्यात नवीन बारकावे येत नाहीत, फक्त फाईल जड होते.

फ्लेक्सला मात्र उलटा अतिरेक होतो. १० बाय ८ फुटाची फाईल कुणीतरी ३०० डीपीआयला बनवतं, ती चार जीबीच्या घरात जाते आणि उघडतच नाही. लांबून बघायचं आहे ते, ७२ पुरतात, फाईल अडीचशे एमबीच्या आत राहते. फक्त कडेला फ्रेम आणि रिंगसाठी दोन-तीन इंच मोकळे सोडा, खालच्या कडेला शुभेच्छुकांची नावं अगदी टोकाला घेतली की ठोकताना नेमकी तीच दुमडून आत जातात आणि मग मंडळात कुणाकुणाला तोंड द्यावं लागतं ते सांगायला नको.

अहवाल, स्मरणिका सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) असतील तर पानं चारच्या पटीत. ४६ पानं पाठवली तर आम्हाला विचारावंच लागतं की दोन कोरी कुठं टाकू. पानं सुटी सुटी द्या, क्रमानं, जोडपानं लावून देऊ नका, लावणी (छपाईसाठी पानांची मांडणी) प्रेसवर कागदाच्या मापाप्रमाणं होते. तीन घडीच्या ए४ माहितीपत्रकाला ९९-९९-९९ मिलीमीटर करू नका, आत जाणारी घडी ९७ आणि बाकी दोन १००, म्हणजे आतलं पान फुगत नाही.

क्यूआर कोड आता पत्रिकेवर लग्नाच्या हॉलच्या लोकेशनसाठी हमखास असतो. तो फक्त काळ्या शाईत, पांढऱ्यावर, निदान २ सेंटीमीटर, आणि चारी बाजूंनी मोकळी जागा. सोनेरी कागदावर सोनेरी क्यूआर दिसायला छान दिसतो, पण स्कॅन होत नाही. फॉइल (चकचकीत सोनेरी-चंदेरी छाप) किंवा स्पॉट यूव्ही (ठराविक जागीच दिलेली चकाकी) असेल तर त्याचा भाग वेगळ्या पानावर, ब्लॅक १०० मध्ये, व्हेक्टरमध्ये (फोटो नाही, कर्व्ह केलेल्या आकारात) द्या, मूळ डिझाईनच्या अगदी त्याच मापावर.

आणि फाईल पाठवताना खाली मेसेज लिहा. नुसती फाईल आणि एक अंगठा येतो, मग आम्ही फोन करत बसतो. कटिंगनंतरचं माप, किती नग, कागद कुठला आणि किती जीएसएम (कागदाचं वजन), एका बाजूनं की दोन्ही बाजूंनी, लॅमिनेशन ग्लॉस की मॅट, कधी पाहिजे, एवढं पुरे. फाईलच्या नावात फायनल लिहू नका, पार्टीचं नाव आणि तारीख लिहा, दुरुस्ती झाली की तारीख बदला आणि जुनी फाईल रद्द म्हणून स्पष्ट सांगा. दुरुस्ती व्हॉइस नोटवर पाठवू नका, लिहून पाठवा, कारण "पाटील"च्या पुढं "सरकार" आहे की नाही हे ऐकून ठरत नाही. प्रूफ (तपासायचा नमुना) आलं की नावं आणि तारीख-वार एका माणसानं मोठ्यानं वाचावी आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर बघावी, मोबाईल नंबर प्रूफवरूनच डायल करून बघावा, क्यूआर प्रूफवरूनच स्कॅन करून बघावा. मगच ओके पाठवा, त्याच मेसेजला रिप्लाय करून, म्हणजे कुठल्या फाईलला ओके दिलंय ते आम्हालाही कळतं आणि प्लेट लगेच काढता येते.